एका पानासाठी तीन बैठका

आमचे बाबा स्कॉटिश मिशनच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, आई अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली, तेव्हा बाबा त्या गर्दीत होते. ते सांगत, बोलणी १९२९ पासून चालू होती आणि अवघड गाठ होती बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेची. तान्ह्या बाळाला द्यायचा, की स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच? शेवटी एकाच मंडळीत दोन्ही रीती मान्य झाल्या. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेची मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली. बाबांना त्याची हळहळ शेवटपर्यंत होती.

म्हणून २०२५ च्या जानेवारीत ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात (१८ ते २५ तारीख) आमची मंडळी, कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स अशी संयुक्त उपासना घ्यायची ठरली, तेव्हा मराठी पत्रिका तयार करायचं काम मी मागून घेतलं. निकेयाच्या धर्मसभेला, म्हणजे इ.स. ३२५ मधल्या बिशपांच्या सभेला, त्या वर्षी १७०० वर्षं होत होती, त्यामुळे निकेयाचा मतांगीकार, म्हणजे त्या सभेच्या नावाने ओळखली जाणारी विश्वासाची कबुली, सगळ्यांनी मिळून म्हणायचा होता. मला वाटलं, दोन संध्याकाळचं काम आहे. पण त्या एका पानासाठी तीन बैठका झाल्या.

पहिली बैठक मतांगीकारातल्या पवित्र आत्म्याच्या ओळीवर अडली. तो 'पित्यापासून आणि पुत्रापासून निघतो' असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. ऑर्थोडॉक्स अच्चन, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, शांतपणे म्हणाले, "'आणि पुत्रापासून' हे आम्ही म्हणत नाही. मूळ मतांगीकारात ते नव्हतं, पश्चिमेकडे नंतर आलं." मी कॅथोलिक फादरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जुन्या पाठाप्रमाणे म्हणायला आमची हरकत नाही." आमच्या पाळकांनीही मान डोलावली. मी ते शब्द खोडले. आईने पाठ करून घेतलेले शब्द खोडताना हात जड झाला, हे खरं.

दुसऱ्या बैठकीत प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना, आली. कॅथोलिक भाविक 'वाईटापासून सोडव' इथे थांबतात. आम्ही न थांबता 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढे जातो. एकत्र प्रार्थनेत अर्धे लोक गप्प आणि अर्धे बोलतात, ते ऐकायला फार वाईट वाटतं. फादरांनीच तोड काढली. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथोलिक उपासनाविधीत, हे शब्द त्यांचे लोकही म्हणतात, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक छोटी प्रार्थना असते. तेव्हा तिथे क्षणभर थांबायचं आणि मग सगळ्यांनी मिळून पुढे म्हणायचं. पत्रिकेत मी तिथे एक ओळ रिकामी सोडली.

त्याच बैठकीत एका तरुणाने विचारलं, "मग प्रभुभोजनही एकत्र का नाही?" कुणीच लगेच बोललं नाही. कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स शिकवणुकीनुसार ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस, हा पूर्ण ऐक्याचा भाग आहे, आणि ते ऐक्य अजून झालेलं नाही. हे मला समजतं, तरी सलतं. उपासनेत वचनवाचन, प्रवचन आणि प्रार्थना एवढंच ठेवलं.

तिसऱ्या बैठकीत मतांगीकारातल्या 'चर्च' या शब्दाला काय म्हणायचं, यावर अडलं. आम्ही 'मंडळी' म्हणतो, कॅथोलिक 'ख्रिस्तसभा'. आम्ही 'सार्वत्रिक' म्हणतो, ते 'कॅथोलिक'. दोन तास झाले तरी तिसरा शब्द सापडला नाही. शेवटी दोन्ही छापले, ज्याने त्याने आपला म्हणावा असं ठरलं. मला ती हार वाटली.

उपासनेच्या संध्याकाळी मी मागच्या बाकावर बसले होते. मतांगीकार सुरू झाला. 'पित्यापासून निघतो' इथे आमच्यातल्या काहींच्या तोंडी सवयीने जुने शब्द आले आणि ते मध्येच थांबले. पुढे चर्चची ती ओळ आली आणि आवाज फुटले. 'मंडळी', 'ख्रिस्तसभा', 'सार्वत्रिक', 'कॅथोलिक' सगळं एकमेकांत मिसळलं, शब्द कळेना. मी डोळे मिटले. लगेच पुढची ओळ होती, आणि ती सगळ्यांची सारखीच होती. पाच शब्द एका सुरात आले: 'एकच बाप्तिस्मा आम्ही मान्य करतो'. बाबांची ती गाठ आठवली आणि पुढच्या ओळी मला म्हणता आल्या नाहीत.