बेरीज 68 भरली

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी चौदा वर्षं हिशेब लिहिते. कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, की शेतकऱ्याची पट्टी तयार. बेरीज चुकत नाही माझी. सौद्याच्या वेळी मात्र कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसते. मालकांना वाटतं कानाचं दुखणं आहे. वाटू दे.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द घरात आला भाच्यामुळं. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, म्हणून भावजयीसोबत त्याला दाखवायला गेले. तिथल्या मॅडम विचारत होत्या, सदऱ्याचं लेबल टोचतं म्हणून रडतो का, भाजीचा रस्सा भाकरीला लागला की ताट सारतो का. भावजय हो-हो म्हणत होती आणि शेजारी बसून मला घाम फुटला होता. आजही नव्या ब्लाऊजचं लेबल मी आधी उसवते, मग अंगात घालते.

भाच्याचं मार्गी लागलं. लेकरांसाठी जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, पण ते 18 वर्षांपर्यंत. मी 39 ची. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, हे वाचून गेले तर एका डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "लग्न झालंय? नोकरी आहे? मग ऑटिझम कसला?" आणि झोपेच्या गोळ्या लिहिल्या. दुसरे म्हणाले, तुम्ही तर डोळ्यात बघून बोलता. डोळ्यात नाही हो, दोन भुवयांच्या मधे बघते. नववीपासूनची सवय आहे.

शेवटी पुणं. रात्रीची गाडी, सोबत आई. कारण लक्षणं लहानपणापासून होती हे दाखवावं लागतं, आणि लहानपणाचा साक्षीदार लागतो. आपल्याकडं तपासणीला आयएसएए नावाची प्रश्नावली वापरतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 पासून पुढं ऑटिझम. (म्हणजे एकही लक्षण नसलं तरी बेरीज 40. हिशेब लिहिणारीच्या हे आधी लक्षात येतं.)

एकटीच तेच ते खेळत बसायची का? आई म्हणाली, "लई शहाणी होती पोरगी. कुणाच्या अध्यात ना मध्यात." हट्ट? "कधीच न्हाई." माझ्या कानाशी आली, "काय विचारलालेत हे?" लेकीचं वाईट सांगायला थोडीच आणली होती तिला. तिच्या लेखी ती तिथं माझी बाजूच मांडत होती.

बेरीज 68 भरली. पुण्याच्या मॅडम चांगल्या होत्या. नुसत्या आकड्यावर ठरत नाही म्हणाल्या, पण बालपणाची माहिती अपुरी पडते. जुनं काही आठवलं तर परत या.

परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर चहा पीत होतो. आई आपली सहज बोलायला लागली. 1993 चा किल्लारीचा भूकंप, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट. आमचं घर पडलं नाही, पण भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली. नंतर कितीतरी दिवस सगळं गाव अंगणात, पावसात, ताडपत्रीखाली झोपायचं. "तू सहा वर्षांची. रोज रात्री उठून आत जायचीस, त्याच भेगेखाली आपल्या जागेवर वाकळ टाकायचीस. तीच वाकळ, तोच कोपरा. उचलून आणली की डोकं आपटायचीस. तुझ्या बापानं मारलं, दाराला कडी घातली, तर उंबऱ्यावर सकाळपर्यंत उभी. महिनाभर."

मी कप खाली ठेवला. "आई, हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"त्यांनी हट्ट विचारला," आई म्हणाली. "हे हट्ट होतं का? भ्यालेली होतीस तू."

फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर मी सगळं लिहून घेतलं, तारखेसकट. आई वाकून बघत होती. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "शाळेत सहा महिने एकच फ्रॉक घालायचीस, तेबी लिहायचं का?"