रेक्याविकमध्ये बी२ चं प्यादं खाल्लं

काल बुद्धिबळ क्लबच्या स्पर्धेत माझ्याकडे काळी मोहरी होती आणि समोर एक रिटायर्ड मच्छीमार काका. आइसलँडमध्ये काका-मावशी नसतात बरं का, अगदी राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, पण माझी जीभ अडखळते म्हणून मनातल्या मनात काकाच.

मी सिसिलियन नायडॉर्फ ही सुरुवात खेळलो, काकांनी उंट जी५ या घरावर आणला आणि आठव्या चालीला माझ्या वजिराने बी२ चं प्यादं उचललं, म्हणजे तेच प्रसिद्ध पॉयझन्ड पॉन, फुकट मिळणारं पण वजीर अडकवू शकणारं विषारी प्यादं! सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळात शिकताना हे खायचं की नाही यावर आमची रात्र रात्र भांडणं व्हायची. आणि इथेच रेक्याविकमध्ये, १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये, अमेरिकेच्या फिशरने तेव्हाचा जगज्जेता स्पास्कीविरुद्ध दोनदा ते खाल्लं होतं, सातव्या डावात बरोबरी झाली, अकराव्यात स्पास्कीने चौदाव्या चालीला घोडा चक्क मागे, बी१ ला नेला आणि फिशरचा वजीर अडकून गेलाच.

काकांनीही स्पास्कीसारखाच घोडा बी३ ला घेतला तेव्हा माझे हात गार पडले. वजीर ए३ ला कोपऱ्यात, राजा अजून मधेच, आणि त्यांची सगळी मोहरी माझ्या अंगावर. पुढचे दोन तास मी खुर्चीतून उठलो नाही, कॉफी तशीच थंड झाली. कसंबसं कॅसलिंग करून राजा बाजूला नेला तर त्यांनी हत्ती देऊन राजासमोरची प्यादीच फोडली. मग वजीर एच६ वर शह, मी जी८, जी६ वर शह, मी एच८, परत एच६. थांबले तर ते हरणार आणि मला तर पळायला दुसरं घरच नाही. चौतिसाव्या चालीला बरोबरी मान्य करून हात मिळवले. एवढा जीव तोडून मी जिंकलेला डावसुद्धा खेळलो नसेन.

संध्याकाळी काका म्हणाले पोहायला चल, म्हणून लौगार्दाल्सच्या तलावावर गेलो, १९७२ ची मॅच झाली तो हॉल तिथून जवळच. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलो, वरून बर्फ पडतोय, आणि काकांनी कठड्यावरच्या बर्फात बोटाने पट काढला. बारा वर्षांचे असताना वडिलांबरोबर तो अकरावा डाव बघायला गेले होते म्हणे. बी१ च्या घरावर बोट ठेवून म्हणाले, आज मलाही घोडा इथे आणायचा होता रे, पण तू बारावी चाल वेगळी खेळलास.