तुम्ही विचारलंत म्हणून: कॅरेक्टरच्या अंगावरचे ताईत कुठून येतात

मी काल्पनिक जगातली कॅरेक्टर्स काढते, आणि तुमच्या कॅरेक्टर्सच्या अंगावर एवढे ताईत, गाठी, खिळे कुठून येतात आणि दुसऱ्यांच्या परंपरेतलं असं घेतलेलं चालतं का, हे मला सारखं विचारलं जातं, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

मी आधी ठरवते की हे कॅरेक्टर घाबरतं कशाला. लोकांच्या घरातली जादू बहुतेक वेळा रोजच्या भीतीवरचा तोडगा असते, मूल दगावू नये, गेलेला माणूस परत यावा, आणि मग तो तोडगा कोणी केला, कशाचा केला, अंगावर कुठे बांधला असं विचारत गेलं की चित्र सुचत जातं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोणी करणी केलीय असा संशय आला की एका बाटलीत त्या आजारी माणसाचीच लघवी, केस, नखं घालायचे, सोबत वाकवलेल्या टाचण्या, आणि ती चुलीखाली नाहीतर उंबऱ्याखाली पुरायचे. मी त्या टाचण्यांवरच अडकते. कोणीतरी घाबरलेलं माणूस बसून एकेक टाचणी वाकवत होतं ना! ते हात काढता आले की कॅरेक्टर उभं राहिलं समजा, मग कपाळावर चमकणारी अक्षरं वगैरे लागतच नाहीत.

उलट नुसतं चिन्ह उचललं की काय होतं बघा. वेग्विसिर नावाचं आइसलँडिक चिन्ह आज प्रत्येक व्हायकिंग योद्ध्याच्या छातीवर दिसतं, पण ते आपल्याला माहितीय ते 1860 च्या हुल्ड नावाच्या आइसलँडिक हस्तलिखितातून, म्हणजे व्हायकिंग काळ संपून शतकं उलटल्यावर. तिथे लिहिलंय की हे जवळ बाळगणारा वादळात वाट चुकत नाही. मला तर ह्यात योद्धा दिसतच नाही, वाऱ्यात मेंढ्या शोधणारा म्हातारा दिसतो, कोटाच्या आत घडी घातलेला कागद, घड्यांवर फाटत आलेला.

आता चालतं का, ह्याबद्दल. काँगो भागातल्या न्किसी न्कोंडी मूर्ती, अंगभर खिळे ठोकलेल्या, लोक सर्रास राक्षस म्हणून काढतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले खिळे शपथा घेताना, भांडण मिटवताना, गुन्हेगाराला शोधायला मूर्तीला जागं करताना ठोकलेले असायचे, म्हणजे अख्ख्या गावाचा शब्द त्या लाकडात आहे. अशी मूर्ती मी जशीच्या तशी उचलत नाही. शपथ घेतली की खिळा ठोकायचा, एवढी रीत मनात ठेवून माझ्या जगातली वेगळी वस्तू बनवते, आणि मूळ कुठलं ते चित्राखाली लिहिते. दीक्षा घेतलेल्यांनीच बघायचं असं जे असतं त्याला हात लावत नाही, कितीही सुंदर असो.

रेफरन्स हवा असेल तर पिंटरेस्ट सोडा आणि म्युझियमचे ऑनलाइन कॅटलॉग बघा, ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्सकडे जगभरचे ताईत आहेत. फोटो झूम करून दोरा कुठे झिजलाय ते बघा आणि आधी तेच काढा.