गजनेरच्या तळ्यापासून जगतपुराच्या रेंजपर्यंत

जयपूर-उदयपूर सोडून बिकानेरला कशाला, असं घरात ज्याने त्याने विचारलं. मामा प्रत्येकाला "भुजिया आणायला" एवढंच सांगत होते. मामा सातारकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते महाजन फील्ड फायरिंग रेंजवर सरावाला आले होते, पण बिकानेर शहर त्यांनी पाहिलं ते ट्रकच्या मागच्या फळीवरून. मी कॉलेजात एनसीसीची पॉइंट टू-टू चालवली, तेवढीच माझी बंदूक. दोघांनाही एक गोष्ट पाहायची होती: राजस्थानात ट्रॅप शूटिंग, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, आलं कुठून, आणि आता ते कुणाच्या हातात आहे.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता स्वप्नील कुसाळे. सगळी रायफल-पिस्तुलाची माणसं. लक्ष्य एका जागी, नेमबाज एका जागी, हलायचं कुणीच नाही. ट्रॅपमध्ये बारा बोअरची दुनळी असते, आत छर्‍यांचं काडतूस, आणि लक्ष्य पळतं. नेमबाजापुढे पंधरा मीटरवर एक खंदक असतो, त्यात पंधरा यंत्रं दडवलेली. तोंडातून आवाज निघाला की त्यातलं एक यंत्र 110 मिलिमीटर व्यासाची तबकडी भिरकावतं. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. पाच जागा, फिरत फिरत पंचवीस तबकड्यांची एक फेरी, प्रत्येक तबकडीला फार तर दोन बार. मामांनी गाडीत मला हे सगळं उभं राहून, हात फिरवून दाखवलं. समोरच्या बर्थवरचं मारवाडी कुटुंब अंग चोरून बसलं होतं. "रायफलवाला श्वास धरतो," मामा म्हणाले, "इथं दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि बंदूक फिरती ठेवायची. घोडा दाबताना बंदूक थांबली की तबकडी गेलीच म्हणून समज."

मुंबईहून रणकपूर एक्सप्रेसने बिकानेरला उतरलो. जुनागढ किल्ल्याबद्दल इथे लिहीत नाही, तो सगळेच पाहतात आणि सगळेच लिहितात. लालगढ पॅलेस मात्र आमच्या कामाचा. महाराजा गंगासिंहांनी वडील लालसिंह यांच्या नावाने बांधलेला, दुलमेराच्या लाल दगडाचा, आराखडा सर सॅम्युएल स्विंटन जेकब यांचा. त्याच्या एका भागात श्री सादुल म्युझियम आहे. दालनामागून दालन जुने फोटो: व्हाइसरॉय, दरबार, उंटांची फौज आणि शिकारी. मेलेल्या जनावरांसोबतचे इतके फोटो सलग पाहिल्यावर माणूस थकतो, निदान मी थकलो. मामा मात्र बंदुका कुणी कशा धरल्यात ते बघत पुढे सरकत होते.

दुसर्‍या दिवशी सकाळी गजनेर गाठलं. जैसलमेर रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. वाळू, खेजडी, मध्येच एखादी बाभूळ, आणि या सगळ्यात एकदम तळं आणि तळ्याकाठी राजवाडा. आज तिथे हेरिटेज हॉटेल आहे. गंगासिंहांच्या काळात गजनेरचं नाव साम्राज्यभर झालं ते एका पक्ष्यामुळे. भट तितर. आपली पखुर्डी, सासवडच्या माळावर पक्षीनिरीक्षक जिच्यासाठी उन्हात तासन्‌तास बसतात, तिचाच थोराड भाऊ. हिवाळ्यात मध्य आशियाकडून या पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरत, आणि वाळवंटात पाणी मोजकंच असल्याने सकाळी ठरल्या वेळी तळ्यावर येत. पाहुण्यांनी आडोशाआड उभं राहायचं, बंदूक भरून द्यायला माणूस शेजारी. नाताळच्या सुमारास गजनेरचं आमंत्रण मिळणं म्हणजे इंग्रज अधिकार्‍याचं सोनं झालं.

भट तितर हा पक्षी टिपायला कठीण, हे मान्य करायला हवं. तो वेगाने येतो, वळसे घेतो आणि वार्‍याबरोबर दिशा बदलतो. छर्‍याच्या बंदुकीची तालीम म्हणून याहून चांगली शाळा मिळणार नाही. पण तळं राजाचं, वेळ पक्ष्याच्या तहानेने ठरवलेली, आणि पाहुणा चुकला तरी "वाह हुकुम" म्हणायला माणसं हजर. किती पडले त्याचा हिशेब ठेवत, किती सुटले त्याचा कुणी ठेवत नसे.

तबकडीचं तसं नाही, आणि म्हणून या गोष्टीत मला खरा नायक ती वाटते. मूळ ट्रॅप शूटिंगही जिवंत कबुतरांवरच चाले. पेटीत कबूतर ठेवायचं, दोरी ओढून सोडायचं. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकात तर जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने 1880 मध्ये मातीची उडती तबकडी काढली, आणि नंतर डांबरी राळ व चुनखडीची ठिसूळ तबकडी आली. तिला तहान नाही आणि पंचासमोर राजा आणि रंक यांचा हिशेब एकच. फुटली तर एक, नाही तर शून्य.

बिकानेरच्या गादीवर बसलेल्या माणसाने हा हिशेब आपणहून पत्करला. महाराजा करणीसिंह, जन्म 1924, गंगासिंहांचे नातू. नाव देशनोकच्या करणीमातेवरून. गजनेरच्या तितरांवर हात तयार झालेला हा माणूस 1960 मध्ये रोमच्या ऑलिंपिकात क्ले पिजन ट्रॅपला उतरला आणि आठवा आला. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच वर्षी नेमबाजीचा अर्जुन त्यांना मिळाला. 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. मग टोकियो, मेक्सिको (तिथे दहावे), म्युनिक, आणि 1980 मध्ये मॉस्को. रोमला छत्तीस वर्षांचे होते, मॉस्कोला छप्पन्न. पाच ऑलिंपिक. 1974 च्या तेहरान आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये सांघिक रौप्य, तेव्हा वय अठ्ठावन्न. राष्ट्रीय विजेतेपद तर सतरा वेळा.

याच काळात ते 1952 पासून 1977 पर्यंत सलग बिकानेरचे अपक्ष खासदार होते, आणि आपल्या घराण्याच्या केंद्रीय सत्तांशी असलेल्या संबंधांवर त्यांनी पीएच.डी. केली ती मुंबई विद्यापीठातून. पॅलेसबाहेर चहा पिताना मी हे सांगितलं तेव्हा टपरीवाल्याला मुंबईचं काही वाटलं नाही, पण अपक्ष म्हटल्यावर तो खुलला. "पार्टी-वार्टी की जरूरत ही कोनी थी," म्हणाला.

1971 च्या अखेरीस संस्थानिकांचे तनखे गेले आणि 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. वर्षभराच्या आत पैसा आणि शिकार दोन्ही कायद्याने संपलं. ज्यांची बंदूक फक्त जनावरासाठी होती त्यांनी ती भिंतीवर टांगली. ज्यांना तबकडीची गोडी आधीच लागली होती ते खेळत राहिले. कोट्याचे महाराव भीमसिंह यांना 1971 चा अर्जुन पुरस्कार नेमबाजीसाठीच मिळाला. करणीसिंहांची कन्या राज्यश्री कुमारी यांना तर 1968 मध्येच मिळाला होता. बापलेक दोघेही अर्जुन, तेही पडदा पाळणार्‍या मुलखातून. मला करणीसिंहांच्या रौप्यापेक्षा हे जास्त मोठं वाटतं. मामांना तसं वाटत नाही. "रौप्य ते रौप्य," त्यांचं म्हणणं, आणि वाद घालायला ते रिकामेच होते.

पण हेही खरं की तेव्हापर्यंत ट्रॅप म्हणजे गढीतला खेळ. शेजारच्या पंजाबातही तेच, पतियाळाच्या राजघराण्यातल्या रणधीरसिंहांनी 1978 च्या बँकॉक आशियाडमध्ये ट्रॅपचं सुवर्ण आणलं. काडतुसं बाहेरून येणार, बंदूक बाहेरून येणार, खंदक बांधायला जमीन हवी. कुणाकडे होती? इथे एका मराठी माणसाची आठवण काढायला हवी. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. आजही राष्ट्रीय स्पर्धेआधीची मोठी पायरी त्यांच्याच नावाची. नेमबाज पोरं सर्रास म्हणतात, "मावळंकर खेळून आलो." त्यातल्या किती जणांना हे गृहस्थ कोण ते ठाऊक असेल, देव जाणे.

गढीबाहेरचा दरवाजा उघडला तो फौजेने. बिकानेर-जयपूर रात्रीच्या गाडीत मामांची कळी खुलली ती इथे. राज्यवर्धनसिंह राठोड, जन्म जैसलमेरचा, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, रेजिमेंट ग्रेनेडियर्स. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकात डबल ट्रॅप. यात दोन तबकड्या एकाच वेळी उडतात आणि दोन बारांत दोन्ही फोडायच्या असतात. 17 ऑगस्टला दोनशेपैकी 179 तबकड्या फोडून राठोड दुसरे आले. चीनचा वांग झेंग 178 वर. एका तबकडीचा फरक! स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकातलं पहिलं वैयक्तिक रौप्य. मामा तेव्हा कुठल्याशा युनिटच्या कॅन्टीनमध्ये होते आणि टीव्हीपुढे इतकी गर्दी झाली की त्यांना पडदा दिसलाच नाही, फक्त आरडाओरडा ऐकू आला. सुवर्ण 189 तबकड्यांसह दुबईच्या राजघराण्यातल्या अहमद अल मक्तूम यांना मिळालं, म्हणजे राजेलोक या खेळातून पुरते गेलेत असं समजू नका. राठोडही पुढे जयपूर ग्रामीणमधून खासदार झाले. राजस्थानात तबकडी आणि लोकसभा यांचं काहीतरी नातं दिसतंय. डबल ट्रॅप मात्र रिओनंतर ऑलिंपिकातून काढून टाकला. ज्या प्रकाराने देशाला पदक दिलं तोच गेला, याचा मामांना अजून राग आहे, आणि मलाही तो निर्णय कधी पटला नाही.

जयपूरला आम्ही हवामहालाकडे फिरकलोच नाही, थेट जगतपुराच्या शूटिंग रेंजवर. सकाळची वेळ, सराव चालू. आधी कानावर येतो तो बार, मग नाकात दारूचा वास, आणि मग लक्षात येतं की पुढची सगळी जमीन नारिंगी कपच्यांनी भरली आहे. खंदकामागे पाच जण ओळीने उभे, एकाने बार काढला की दुसर्‍याची पाळी, शेवटच्या जागेवरच्याचा बार झाला की तो चालत पहिल्या जागेकडे. बोलणं नाही. आपली पाळी आली की घशातून एक हुंकार, त्या आवाजावर यंत्र सुटतं. त्या दिवशी वारा समोरून होता, तबकड्या मध्येच उचलल्या जात होत्या, आणि चांगली चांगली पोरं लागोपाठ हुकत होती. तबकडी सुटते आणि बार उडतो यात एक सेकंदही जात नाही. मी तर पहिल्या काही तबकड्या पाहूच शकलो नाही.

पाचांतल्या दोघी मुली होत्या. एकीचे वडील सीकरकडचे, मागे खुर्चीवर काडतुसांचा खोका मांडीवर घेऊन बसलेले. मामांनी विचारलं, रोजचा खर्च किती? ते हसले. "खर्चा मत पूछो साब, बच्ची की माँ को भी नहीं बताया है." एका फेरीला पंचवीस तबकड्या, दुसरा बार काढावा लागला की काडतूस वाढतं, आणि सरावाच्या दिवशी चार-पाच फेर्‍या सहज होतात. गुणाकार ज्याचा त्याने करावा. ते गृहस्थ कुठल्या ठिकाण्याचे, म्हणजे जहागिरीचे नव्हते, त्यांचं इमारती मालाचं दुकान होतं. मुलीने ट्रॅप का निवडला, यावर त्यांनी एकच नाव घेतलं: शगुन चौधरी. जयपूरची ही मुलगी 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी ट्रॅपमध्ये पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला. महिलांचा स्वतंत्र ट्रॅप ऑलिंपिकात आला तोच मुळी 2000 मध्ये. स्कीट या तबकड्यांच्याच शेजारच्या प्रकारात तर राजस्थानने 2024 मध्ये कमालच केली. जालोरची महेश्वरी चौहान आणि जयपूरचा अनंतजीतसिंह नरुका ही जोडी पॅरिसला मिश्र स्कीटमध्ये चौथी आली. पदक थोडक्यात हुकलं.

सरावानंतर ती मुलगी आली, बंदूक दुमडून खांद्यावर. पंचवीसपैकी एकोणीस. वडिलांनी काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. मामांना मात्र राहवेना. "बेटा, बंदूक रुक रही है," म्हणाले. तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोच भी यही बोलते हैं." मामा पुढचा सबंध दिवस छाती काढून चालत होते.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बिकानेरला दोन दिवस पुरतात, गजनेरसाठी सकाळ राखून ठेवा, पक्षी आजही पहाटेच पाण्यावर येतात आणि आता त्यांना फक्त दुर्बिणीतून टिपायचं असतं. लालगढचं म्युझियम कधी उघडं असतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. जगतपुराला सराव पाहायचा तर आधी परवानगी काढा, आणि खंदकाच्या बाजूने नव्हे, नेमबाजांच्या मागेच उभे राहा. परतीला दिल्ली लागत असेल तर तुघलकाबादला 1982 च्या आशियाडसाठी बांधलेली डॉ. करणीसिंह शूटिंग रेंज आहे. मोठी स्पर्धा चालू असेल तेव्हा गेलात तर ट्रॅपची अंतिम फेरी चुकवू नका. त्या फेरीच्या तबकड्यांत रंगीत भुकटी भरलेली असते, त्यामुळे नवख्यालाही कुणाची फुटली ते लांबून कळतं. कानात घालायला बोळे घरूनच न्या, तिथे कुणी देत नाही.