फुकटचे नको, फेडीचे चालेल

दुष्काळाविषयी बोलताना आपल्याकडे शेतकऱ्याच्या सोशिकपणाचे फार कौतुक होते. मला ते कौतुक नेहमी खटकते, कारण सोसणारा एकटा असेल तर तो बहुधा मुकाट्याने मोडतो. माण-खटावपासून बीडपर्यंतच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात माणसांना तगवले ते वेगळ्याच एका समजुतीने : घेतलेली मदत श्रमाने फेडता येते, म्हणून ती घेण्यात कमीपणा नाही.

पेरणीचा वाफसा, म्हणजे मातीतली नेमकी ओल, मोजकेच दिवस टिकतो आणि त्या दिवसांत बैल किंवा मजुरीचे पैसे हाताशी नसतील, तर अख्खा हंगाम हातचा जातो. अशा वेळी ज्याच्या घरचा कर्ता माणूस आजारी आहे किंवा ज्याची नांगरट खोळंबली आहे, तो गावात इर्जिकीचे आवतण देई. ठरल्या दिवशी शेजारीपाजारी आपापले नांगर आणि बैल घेऊन त्याच्या रानात उतरत, आणि जेवणापलीकडे कोणी काही मागत नसे. सावड याहून काटेकोर असते. आज तू माझ्या खुरपणीला आलीस, उद्या मी तुझ्याकडे येणार. हा हिशेब वहीत लिहिला जात नाही, पण विसरलाही जात नाही. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी पैरा करून जोडी जमवत, तेही याच न्यायाने.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. सावड होते ती बरोबरीच्यांत. ज्याच्याकडे परतफेडीला जमीनही नाही आणि बैलही नाहीत, तो भूमिहीन मजूर, म्हणजे अनेकदा दलित, या देवघेवीच्या बाहेरच राहिला.

१९७२ च्या दुष्काळात हे कुंपण काही प्रमाणात मोडले. आधीच पाऊस अपुरा होत आलेला, त्यात ते वर्ष कोरडे गेले, आणि सरकारने ठिकठिकाणी रस्त्यांची, पाझर तलावांची, नालाबांधांची आणि खडी फोडण्याची कामे काढली. ज्या घरांतल्या बायकांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल टाकले नव्हते, त्या डोक्यावर पाटी घेऊन मजूर बायकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मजुरी तुटपुंजी होती, खायला परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, होता आणि मुलांसाठी सुकडी हा गोडसर पौष्टिक खाऊ. (आमच्या घरातली जुनी माणसे मिलोच्या भाकरीला आजही नावे ठेवतात, सुकडीविषयी मात्र जिभेवर अजून गोडवा आहे.) माझ्या लक्षात राहिला तो त्यांचा सूर. ‘आम्ही खडी फोडली’ हे वाक्य ती माणसे मान वर करून उच्चारतात, आणि अन्नछत्रात जेवल्याचे कोणी असे सांगताना मी ऐकलेले नाही.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही नस ओळखली होती असे मला वाटते. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जो प्रयोग झाला, त्यातूनच ‘मागेल त्याला काम’ देणारी रोजगार हमी योजना पुढे उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसायकर १९७५ मध्ये याच योजनेसाठी सुरू झाला. दरमहा तो कापला जाताना कुरकुरणाऱ्यांत मीही आहे, पण शहराने दुष्काळी रानाशी घातलेली ती सावडच आहे, आणि तीत भूमिहीनालाही जागा मिळाली.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने हाच हिशेब पाण्याला लावला. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने श्रमदान केले, हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठे वाटते ते शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचे, उसाला नकार देण्याचे आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याचे बंधन. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपण उपसायचे नाही, हे तिथे ठरावाने ठरते.

ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक बहुतेक गावांतून गेली आणि नांगरट तासाच्या दराने होऊ लागली. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही, बैल सांभाळणे कोणालाच परवडत नाही. पण उधारीचे नाते आता दुकानदाराशी, बँकेशी नाहीतर सावकाराशी उरले, आणि तिथे थकलेला हप्ता श्रमाने फेडता येत नाही. जुन्या हिशेबाचा धागा मला आज दिसतो तो बायकांच्या बचत गटांत. तिथे आजारपणासाठी कर्ज मागणारीला कारण सांगताना मान खाली घालावी लागत नाही, कारण मागच्या खेपेला दुसरीच्या कर्जाला होकार देणाऱ्यांत तीही असते.