जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल: यंदा घालायचं की पुढच्या वर्षी?

दिवाळी झाली की नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत शाळांचे नर्सरीचे फॉर्म निघू लागतात आणि सोसायटीच्या बाकावर एकच प्रश्न ऐकू येतो, "तुमच्याचं वय बसतं का?" बहुतेकांचं बसतं. ओढाताण होते ती जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या घरी, कारण त्यांचं वय यंदाही बसतं आणि पुढच्या वर्षीही. हेच कित्येक पालकांना माहीत नसतं. "बसतंय ना, घालून टाका" असं कुणी म्हटलं की ते घालून टाकतात.

हिशेब असा आहे. महाराष्ट्रात पूर्वी वय ३० सप्टेंबरला मोजत. सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ही तारीख ३१ डिसेंबर झाली. ज्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू होणार, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ वर्षं पूर्ण हवीत, ज्युनियर केजीला ४, सिनियर केजीला ५ आणि पहिलीला ६. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांसाठी कमाल वयही ठरलेलं आहे: नर्सरीला ४ वर्षं ५ महिने ३० दिवस, पहिलीला ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. इतर प्रवेशांनाही बऱ्याच शाळा हाच तक्ता लावतात.

आता २०२६-२७ च्या नर्सरीसाठी हे मांडून बघा. १ जुलै २०२२ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात जन्मलेली मुलं चालतात. हा पट्टा बारा महिन्यांचा नाही, अठरा महिन्यांचा आहे. त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांचे पट्टे सहा महिने एकमेकांवर चढतात. १० ऑक्टोबर २०२३ ला जन्मलेलं मूल जून २०२६ मध्ये नर्सरीत जाऊ शकतं आणि जून २०२७ मध्येही नर्सरीतच जाऊ शकतं. दोन्ही नियमात बसतं. जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेल्यांना ही निवड नाही.

वय डिसेंबरचं मोजतात, पण शाळा जूनच्या मध्यावर उघडते. ३१ डिसेंबर २०२३ चं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसेल तेव्हा त्याला अडीच वर्षंही पूर्ण झालेली नसतील. त्याच सतरंजीवर १ जुलै २०२२ चं मूल चार वर्षांचं होत आलेलं असेल. एक नुसतं "पाणी" म्हणतं, दुसरं "टीचर, माझी बाटली कुणी घेतली?" असं विचारतं. मग वर्षाच्या शेवटी धाकट्याच्या वहीवर "लक्ष देत नाही", "हळू आहे" असे शेरे येतात. त्यात मुलाचा दोष नाही, फक्त वयाचा फरक आहे. वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलांवर अतिचंचलतेचं (एडीएचडी) निदान जास्त वेळा होतं, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे. मोठ्या मुलांची आघाडी मात्र सुरुवातीच्या इयत्तांत ठळक असते आणि पुढे बरीच कमी होत जाते. म्हणून "मोठा असला की कायम पुढे राहील" या आशेनेही थांबवू नये.

माझं मत सांगते. ऑक्टोबर ते डिसेंबरचं मूल असेल आणि शी-शू, बोलणं किंवा आईपासून दूर राहणं यातल्या एकाही बाबतीत शंका असेल, तर एक वर्ष थांबा. जुलै-ऑगस्टचं मूल असेल आणि ते बोलत-खेळत असेल, तर थांबवण्याचं सहसा कारण नाही. निर्णय नर्सरीच्या आधीच घ्या. सिनियर केजी झाल्यावर मागे ठेवलं तर मित्र पुढे गेलेले मुलाला कळतात, आणि ते फार लागतं.

"एक वर्ष वाया जाईल" ही भीती आकड्यांत तपासून बघा. डिसेंबरचं मूल लवकर घातलं तर बारावीची परीक्षा सव्वासतराव्या वर्षी देतं, थांबून घातलं तर सव्वाअठराव्या. भोसला सैनिकी शाळेकडे बघून एनडीएचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी-प्रशिक्षणाचं, स्वप्न पाहणाऱ्या घरांनाही अडचण नाही, तिथली वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस आहे. थांबणं म्हणजे मात्र मूल वर्षभर मोबाइलपुढे बसवणं नव्हे. घराजवळची अंगणवाडी किंवा दोन-अडीच तासांची बालवाडी पुरते. अंगणवाडीतलं शाळापूर्व शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी असतं.

आता तयारी. एबीसी आणि शंभरपर्यंत आकडे येणं ही तयारी नव्हे, हे ठामपणे सांगते. बाई वर्गात वीस-पंचवीस मुलं सांभाळतात, तेव्हा कामाला येतं ते वेगळंच. डायपर सुटलेला हवा आणि "शू लागली" हे आईला नाही तर परक्या बाईला सांगता यायला हवं. इथे एक गोष्ट हमखास निसटते. फ्लॅटमध्ये कमोडवर बसायची सवय असलेल्या मुलाला शाळेतल्या भारतीय संडासात उकिडवं बसता येत नाही. ते दिवसभर रोखून धरतं, मग बद्धकोष्ठ होतो आणि "शाळेत जायचं नाही" सुरू होतं. उन्हाळ्यात रोज थोडा वेळ उकिडवं बसवून खेळवा. गणवेशाच्या चड्डीला हूक किंवा घट्ट बटण असेल तर ते काढून इलॅस्टिक लावून घ्या.

डबा हा दुसरा मुद्दा. खायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. शाळेत न्यायचा तोच डबा शाळा सुरू होण्याआधी दोन आठवडे घरी वापरा. झाकणाच्या क्लिपा मुलाच्या बोटांना उघडतात का ते बघा, नाहीतर डबा भरलेला परत येतो आणि आपण म्हणतो "खातच नाही". आपल्या नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चला डब्यात द्राक्षं हमखास जातात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीही देऊ नका. त्याचा आकार आणि गुळगुळीतपणा असा की ते श्वासनलिकेत बुचासारखं अडकतं. लांबीत चिरून चार फोडी करा. आडवं कापून दोन चकत्या करणं पुरेसं नाही.

हात. तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण जमतो. ज्याला चौकोन जमत नाही त्याच्याकडून 'क' गिरवून घेणं म्हणजे चुकीच्या पकडीची सवय लावणं. पेन्सिल मुठीत धरली जाते, अंगठा आत दुमडतो, कागद फाटेपर्यंत दाब पडतो. ही पकड पुढे सोडवणं पहिलीच्या बाईंना फार जड जातं. त्यापेक्षा मटार सोलू द्या, भुईमुगाच्या शेंगा फोडू द्या, कणकेचे गोळे वळू द्या. जाड खडूचे तुकडे द्या. तुकडा लहान असला की तो चिमटीतच धरावा लागतो.

बोलण्याबाबत साधी कसोटी आहे: तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला चारात तीन वेळा कळायला हवं आणि तीन शब्दांचं वाक्य यायला हवं. पण भाषा कोणती ते बघा. सातपूर-सिडकोत बागलाण, मालेगावकडून आलेली कितीतरी घरं आहेत. तिथलं मूल "मना डबा कोठे शे?" असं विचारतं, आणि इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ते "बोलत नाही" ठरतं. ते बोलतं, अहिराणीत बोलतं. बाईंना पहिल्याच दिवशी घरची भाषा सांगा आणि पाणी, शू, दुखतंय, भूक या चार शब्दांचे घरचे प्रतिशब्द लिहून द्या. मात्र पाठीमागून हाक मारली तर मूल वळतच नसेल, तर आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणी करतं, ती चुकवू नका.

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. आरटीई कायद्याच्या कलम १३ नुसार त्याला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

बदलीची नोकरी असलेल्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. केंद्रीय विद्यालयात पहिलीला ६ वर्षं ३१ मार्चला पूर्ण लागतात. देवळालीच्या किंवा ओझरच्या केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल, तर ऑगस्ट २०२० चं मूल राज्याच्या नियमाने जून २०२६ मध्ये पहिलीत बसतं, केंद्रीय विद्यालयात मात्र नाही.

राहिली कागदपत्रं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. या मुलांची पहिली तुकडी २०२६-२७ च्या नर्सरीत येते. दाखला जन्म झालेल्या ठिकाणी मिळतो, राहत्या ठिकाणी नाही. बाळंतपण माहेरी सिन्नरला झालं असेल तर नाशिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयात हेलपाटे घालून उपयोग नाही, सिन्नरलाच जावं लागतं. दाखल्यावर बाळाचं नाव नसेल तर नोंदणीपासून एक वर्षापर्यंत ते फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जानेवारीत फॉर्मची मुदत संपताना हे लक्षात येतं आणि धावपळ होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच दाखला काढून बघा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढलेली जन्मतारीख शाळा सोडल्यावर बदलून घेणं फार अवघड असतं. दाखला, आधार कार्ड आणि भरलेला फॉर्म शेजारी शेजारी ठेवा. तारीख, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव यातलं अक्षर न् अक्षर बोट ठेवून जुळवा, मराठीतलं आणि इंग्रजीतलंही, आणि मगच सही करा.