साध्या वेशातले शब्द

मित्राच्या कर्जाला आम्ही तिघे जामीन राहिलो. सही करण्याआधी मी कागद वाचला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे घरातल्या प्रत्येकाने मला तेवढं एकच विचारलं. वाचला होता. सतरा पानं होती आणि सहाव्या पानावर लिहिलं होतं की तिन्ही जामीनदार 'जॉइंटली अँड सेव्हरली' जबाबदार राहतील. जॉइंटली म्हणजे मिळून, हे कळलं. सेव्हरली हा सेव्हरलचा कुणीतरी भाऊबंद असणार, सेव्हरल म्हणजे अनेक, तेव्हा मिळून आणि अनेकांनी, म्हणजेच तिघांत वाटून. मनातल्या मनात तीनाने भागलं, आकडा झेपण्यासारखा वाटला आणि सही ठोकून दिली.

मित्राचे हप्ते थकले तेव्हा माझ्या नावाने नोटीस आली. पूर्ण रकमेची. मी लगेच वकिली करणाऱ्या मावसभावाला फोन लावला.

"अरे, यांचा हिशेब चुकलाय. तिघांत वाटायचं विसरलेत."

"सेव्हरली आहे का त्यात?"

"आहे की! म्हणून तर म्हणतोय, वाटून."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्याने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "सेव्हरली म्हणजे सुटा सुटा. तिघांकडे मिळून मागतील, नाहीतर एकाच्याच मानगुटीवर बसून सगळे वसूल करतील. उरलेल्या दोघांकडून त्यांचा वाटा काढणं ही मग तुझी डोकेदुखी."

सेव्हरल हा शब्द मुळात सेपरेटच्या घराण्यातला आहे. 'अनेक' हा त्याचा अर्थ नंतरचा. आधीचा अर्थ 'वेगवेगळा'. बाकीच्या जगाने जुना अर्थ टाकून दिला, वकिलांनी जपून ठेवला. मित्राने पुढे कशीबशी सोय करून कर्ज मिटवलं, माझ्या खिशातून काही गेलं नाही, पण तेव्हापासून कायद्याच्या इंग्रजीकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आपण घाबरतो ते लॅटिनला. हेबियस कॉर्पस, सबपीना, ॲफिडेव्हिट असं काही दिसलं की आपण चष्मा काढून ठेवतो आणि वकिलाचा नंबर शोधतो. खरं तर हे गणवेशातले शब्द. लांबूनच ओळखू येतात, त्यामुळे आपण आपोआप सावध होतो. शिवाय अर्थ विचारला तर अगदी गरीब निघतात. ॲफिडेव्हिट म्हणजे 'त्याने शपथ घेतली आहे'; एक अख्खं वाक्य नाम होऊन बसलंय. सबपीना म्हणजे 'दंडाच्या भयाखाली': आला नाहीस तर शिक्षा होईल. ॲलिबी म्हणजे नुसतं 'दुसरीकडे'.

घात करतात ते साध्या वेशातले. कन्सिडरेशन, इश्यू, एक्झिक्यूट, इन्स्ट्रुमेंट, प्रेयर. शाळेपासून ओळखीचे, म्हणून यांना कोणी हटकत नाही. एक्झिक्यूट म्हणजे फाशी देणं आणि दस्तावर रीतसर सही करून तो पुरा करणंही. इन्स्ट्रुमेंट म्हणजे तो दस्तच. प्रेयर म्हणजे अर्जाच्या शेवटी कोर्टाकडे केलेली मागणी. 'डाइड विदाउट इश्यू' हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, माणूस कसलीही भानगड न करता शांतपणे गेला. तो निपुत्रिक गेला होता. इश्यू म्हणजे संतती. आणि दाव्यात मात्र इश्यू म्हणजे वादाचा मुद्दा. (काही घरांत हे दोन अर्थ फारसे वेगळे नसतात, पण ते असो.)

तशीच पत्राच्या डोक्यावरची 'विदाउट प्रेजुडिस' ही ओळ. वाटतं, लिहिणारा मोठ्या मनाचा, पूर्वग्रह बाजूला ठेवून लिहितोय. इथे प्रेजुडिस म्हणजे बाध. 'तडजोडीसाठी मी आत्ता जे बोलतोय ते उद्या कोर्टात माझ्यावर उलटवायचं नाही', एवढाच त्याचा मतलब. त्यात मोठं मन कुठेच नाही.

या सगळ्यांत माझा लाडका कन्सिडरेशन. कराराच्या मराठी भाषांतरात 'विचार करता' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. विचाराचा इथे संबंधच नाही. एकाने दुसऱ्याला देऊ केलेला मोबदला म्हणजे कन्सिडरेशन. इंग्लंडच्या कायद्यात नुसत्या वचनाने करार होत नाही, बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. पण ते किती मोलाचं आहे हे न्यायालय मोजत बसत नाही. मिऱ्याचा एक दाणा दिला तरी चालतो. हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, एकदा चॉकलेटची तीन वेष्टनं मोबदला ठरतात का, असा वाद आला होता. थोडे पैसे आणि ही वेष्टनं पाठवली की गाण्याची तबकडी मिळणार, अशी ती योजना. आणि कंपनी आलेली वेष्टनं सरळ फेकून देत असे. तरी तो मोबदलाच ठरला. एका न्यायमूर्तींनी म्हटलं की घेणाऱ्याला मिरं आवडत नाही आणि तो दाणा फेकून देणार आहे, एवढ्याने तो मोबदला व्हायचा थांबत नाही. इतकं समजावून देणारं वाक्य कराराच्या सतरा पानांत एक असतं तर!

ही भाषा अशी का झाली, याचं उत्तर बरंचसं 1066 साली सापडतं. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे न्यायालयात फ्रेंच बोलली जाऊ लागली; नोंदी लॅटिनमध्ये, बाहेर रस्त्यावर इंग्रजी. 1362 साली कायदा झाला की लोकांना फ्रेंच समजत नाही, तेव्हा न्यायालयात इंग्रजी बोला. हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. नोंदींमधलं लॅटिन कायमचं जायला 1733 साल उजाडलं. या खिचडीतून 'विल अँड टेस्टामेंट', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग', 'फिट अँड प्रॉपर' अशा जोड्या राहिल्या: एक शब्द इंग्रजी, दुसरा बाहेरचा, अर्थ जवळपास एकच. मी बराच काळ 'विल' आणि 'टेस्टामेंट' यांतला फरक शोधत होतो. आपण धनदौलतीतलं धन कुठलं आणि दौलत कुठली हे कधी शोधतो का? कागदपत्रातला कागद फारसीतून आला आणि पत्र संस्कृतातून. बाजारहाटही तसाच. दोन भाषा एका घरात नांदल्या की असे जोडशब्द होतात. मात्र 'सीज अँड डिझिस्ट' (म्हणजे थांबा आणि थांबा) यातले दोघेही फ्रेंच, म्हणजे वकिलांना जोडीची सवयच लागली म्हणायची.

कल्प्रिट या शब्दाची गोष्ट तर न्यायालयातल्या आळसाची आहे. आरोपी 'मी दोषी नाही' म्हणाला की सरकारच्या बाजूचा लिपिक फ्रेंचमध्ये म्हणे, 'दोषी आहे, आणि सिद्ध करायला आम्ही तयार आहोत'. 'कुल्पाब्ल, प्रेस्त' अशी काहीशी सुरुवात. रोज एवढं कोण लिहिणार? वहीत 'कुल. प्रि.' असं तुटक लिहिलं जाऊ लागलं. सतराव्या शतकात कुणीतरी ते आरोपीला उद्देशूनच म्हटलंय असं समजून मोठ्याने वाचलं, आणि भाषेला गुन्हेगारासाठी नवा शब्द मिळाला. दोन तुटक शब्दांत एक दोषी माणूस तयार.

आपल्याकडे एक शब्द तर येता येता उलटाच झाला. कॅमेरा म्हणजे लॅटिनमध्ये खोली. 'इन कॅमेरा' म्हणजे बंद दाराआड, कुणाला बघू न देता. सुनावणीच्या बातम्यांत तो या अर्थाने येतो. पण 'इन कॅमेरा शवविच्छेदन' अशी बातमी असेल तर समजावं की सगळ्याचं चित्रीकरण केलंय. इंग्लंडने 1999 साली दिवाणी कामकाजाचे नियम बदलले तेव्हा हा शब्द काढून सरळ 'इन प्रायव्हेट' केला, दावा सुरू करणाऱ्या 'रिट' नावाच्या कागदाऐवजी क्लेम फॉर्म आणला, दावा लावणाऱ्या प्लेन्टिफला क्लेमन्ट म्हटलं. जुन्या वकिलांची जीभ तेव्हा किती अडखळली असेल! मावसभाऊ म्हणतो, शब्द सोपा केला की भांडायला नवीन जागा मिळते. जुन्या शब्दावर निदान शेकडो वर्षं भांडून झालेलं असतं. तो त्याच भांडणांवर जेवतो, त्यामुळे हे मत मी थोडं कापून घेतो, पण अगदी टाकून देववत नाही.

आणि मराठीनेही फार टेंभा मिरवू नये. दाद आपण मैफलीत देतो आणि कोर्टात मागतो. खरेदीखत म्हणजे काय, असं लहानपणी मला कुणी विचारलं असतं तर मी शेतात टाकायचं खत म्हणालो असतो. तरी एका बाबतीत आपण जिंकलो: दस्तातले दोन पक्ष म्हणजे 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. कोण काय करतंय ते नावातच. 'पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट'ला हे शंभर जन्मांत जमायचं नाही.

कर्ज फिटल्यावर आम्ही तिघे जामीनदार एकदा भेटलो. मी माझी भागाकाराची गोष्ट सांगितली. दुसरा म्हणाला, त्याने ते पान वाचलंच नव्हतं. तिसरा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मी ते 'सिव्हिअरली' वाचलं होतं. जॉइंटली अँड सिव्हिअरली. एकत्र आणि जबर. सही केल्यापासून मला झोपच नव्हती."